पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत. फॉरमॅट न करता घरचा संगणक साफ कसा करावा?

कोरांटी

मंडळी, तातडीने सल्ला हवा आहे. सांगलीला आमच्या घरी आई लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दुकानांची बिलबुकं असं डीटीपीचं काम करते. विंडोज १० चा एकच संगणक आहे. बाबा त्यावरच पेन्शनची कागदपत्रं आणि बँकेची कामं करतात. छपाई प्रेसमध्ये होते, त्यामुळे आईचा १६ जीबीचा पेनड्राइव्ह घर, प्रेस आणि झेरॉक्सचं दुकान असा सारखा फिरत असतो.

परवापासून त्यातल्या प्रत्येक फोल्डरवर डाव्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतोय. क्लिक केलं की क्षणभर काळी खिडकी चमकते आणि मग फोल्डर उघडतो, आतल्या फाइली नीट दिसतात. म्हणून आईने आधी दुर्लक्ष केलं. काल घरातला दुसरा पेनड्राइव्ह लावला, तर त्याचंही लगेच तेच झालं. संगणकावर विकतचा अँटिव्हायरस आहे, पण त्याची मुदत संपली आहे. प्रेसवाले म्हणतात, "फॉरमॅट मारा, विषय संपला." पण या पेनड्राइव्हमध्ये चालू हंगामातल्या पत्रिका आहेत आणि काही फाइलींची दुसरी प्रत कुठेही नाही. काय करावं?

जुना_मॉनिटर

कोरांटीताई, फॉरमॅट अजिबात मारू नका. इचलकरंजीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, लग्नसराईत आणि परीक्षांच्या दिवसांत असे पेनड्राइव्ह घेऊन रोज कुणी ना कुणी येतंच. तुमच्या आईंच्या फाइली गेलेल्या नाहीत, लपवलेल्या आहेत. व्हायरसने खरे फोल्डर दिसेनासे केले आणि प्रत्येकाच्या नावाचा एकेक शॉर्टकट समोर ठेवला. त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग खरा फोल्डर उघडून दाखवला जातो. फोल्डर उघडतो म्हणून माणसाला शंका येत नाही.

दुसरा पेनड्राइव्ह लगेच बिघडला याचा अर्थ व्हायरस आता संगणकात बसलाय. म्हणून क्रम पक्का धरा: आधी संगणक, मग पेनड्राइव्ह. उलट केलंत तर साफ केलेला पेनड्राइव्ह लावल्या लावल्या पुन्हा बिघडेल. प्रेसवाल्यांच्या सल्ल्यातही हीच खोट आहे. फॉरमॅट मारून फाइली जातील आणि व्हायरस मात्र संगणकात जिथल्या तिथे राहील.

आत्ता एवढं करा. वायफाय बंद करा, केबल असेल तर काढा. त्या संगणकावरून बँकेचं काही करू नका. मग दोन गोष्टी बघून इथे लिहा. 'धिस पीसी'मध्ये पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये किती जागा वापरलेली दिसते? आणि कुठल्याही एका शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे 'टार्गेट'च्या चौकटीत काय लिहिलंय? चौकट लहान असते, आत क्लिक करून शेवटपर्यंत सरकत जा. फक्त राइट क्लिक करायचं, डबल क्लिक नाही.

रानवाट

+१. माझ्या भावाच्या पेनड्राइव्हचं असंच झालं होतं, प्रोजेक्टची प्रिंट काढून आणल्यावर. वाचतोय.

कोरांटी

वायफाय बंद केलं, हे मोबाइलवरून लिहितेय.

वापरलेली जागा ११ जीबीच्या वर दिसते. म्हणजे फाइली आहेत! आईला हे सांगितल्यावर ती जरा शांत झाली.

'शुभविवाह पत्रिका' नावाच्या शॉर्टकटचं टार्गेट असं आहे: आधी विंडोजच्या सिस्टिम३२ मधलं सीएमडी.ईएक्सई, पुढे '/सी स्टार्ट', मग काहीतरी अक्षरं जुळवून केलेलं नाव आणि शेवटी .व्हीबीएस. त्यापुढे '&स्टार्ट एक्सप्लोरर', मग आमच्या फोल्डरचं नाव, आणि सगळ्यात शेवटी '&एक्झिट'.

जुना_मॉनिटर

छान शोधलंत. त्या एका ओळीत सगळं आहे. सीएमडी म्हणजे तुम्हाला चमकताना दिसलेली काळी खिडकी. 'स्टार्ट अमुक.व्हीबीएस' हा व्हायरस, 'स्टार्ट एक्सप्लोरर' हा खरा फोल्डर उघडून दाखवायचा भाग आणि 'एक्झिट'ने काळी खिडकी बंद. व्हीबीएस ही स्क्रिप्ट असते, म्हणजे साध्या मजकुराची फाइल. ती चालवायला विंडोजचाच डब्ल्यूस्क्रिप्ट.ईएक्सई हा प्रोग्रॅम लागतो.

आता टास्क मॅनेजर उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून. खाली 'मोअर डिटेल्स' दिसलं तर ते दाबा आणि 'डिटेल्स' या पानावर जा. वरच्या मथळ्यांच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स'मध्ये 'कमांड लाइन'वर खूण करा. मग यादीत डब्ल्यूस्क्रिप्ट.ईएक्सई दिसतंय का बघा. दिसलं तर त्याच्यापुढे कुठल्या फाइलीचा पत्ता आहे तो लिहून घ्या आणि 'एंड टास्क' करा. हा प्रोग्रॅम विंडोजचा स्वतःचा आहे, त्याला थांबवायचं, डिलीट करायचं नाही.

त्यानंतर विंडोजचं बटण आणि आर दाबून 'शेल:स्टार्टअप' टाइप करा. जो फोल्डर उघडेल त्यातलं सगळं संगणक सुरू होताना आपोआप चालतं. अनोळखी व्हीबीएस फाइल असेल तर काढा.

उंबरठा

एवढा खटाटोप कशाला? सरळ विंडोज नव्याने टाका. एकदा घुसलेला व्हायरस पूर्ण गेला की नाही याची खात्री कोण देणार? मी घरी दरवेळी तेच करतो, दोन तासांत मोकळा.

कोरांटी

उंबरठा, मलाही तसंच वाटत होतं. पण आईच्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर जुनं आहे, डोंगल (यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली) लावून चालतं, आणि त्याची मूळ सीडी कुठे आहे ते आता कुणालाच आठवत नाही. शिवाय जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पत्रिका युनिकोडमध्ये उघडत नाहीत, सगळी अक्षरं उलटीपालटी होतात. नव्या विंडोजवर ते सॉफ्टवेअर बसलं नाही, तर भर हंगामात आईचं काम बंद पडेल.

जुना_मॉनिटर

डीटीपीवाल्यांच्या घरी ही अडचण खरी आहे. उंबरठा यांचं म्हणणं चूक नाही, पण ते शेवटचं पाऊल ठेवू. साफ करूनही व्हायरस परत आला, किंवा अँटिव्हायरस उघडायलाच देत नसेल, तर मात्र मीही विंडोज नव्याने टाकायलाच सांगेन.

सातासमुद्रा

मी कॅनडात सायबर सुरक्षेच्या कामात आहे, मूळ गाव वाई. जुना_मॉनिटर यांनी सांगितलेला क्रम अगदी बरोबर आहे. थोडी भर घालतो.

कोरांटीताई, स्टार्टअप फोल्डर ही एकच जागा नसते. या जातीच्या व्हायरसची सवय अशी की स्वतःची एक प्रत स्टार्टअप फोल्डरमध्ये, दुसरी अ‍ॅपडेटा किंवा टेंप फोल्डरमध्ये, आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या) 'रन' या जागी तिचा पत्ता. एक काढली तरी दुसरी उरते. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं 'ऑटोरन्स' वापरा. ते फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. संगणक सुरू होताना जे जे आपोआप चालतं ते सगळं एका यादीत दाखवतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या आणि ते दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर उतरवून सीडीवर आणता आलं तर उत्तम.

'लॉगऑन' आणि 'शेड्यूल्ड टास्क्स' या दोन पानांवर आधी बघा. ज्या ओळीत डब्ल्यूस्क्रिप्ट आणि व्हीबीएस दोन्ही दिसतील ती संशयित. आधी फक्त खूण काढा, म्हणजे ती ओळ निष्क्रिय होते आणि चुकलं तर परत लावता येते. खात्री पटली की डिलीट. इंटरनेट परत सुरू केल्यावर ऑटोरन्समधूनच व्हायरसटोटलची तपासणी लावता येते. व्हायरसटोटल २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालं आणि २०१२ पासून गूगलकडे आहे. एकाच फाइलीबद्दल अनेक अँटिव्हायरसचं मत तिथे एकत्र कळतं. पण घरगुती कागदपत्रं, आधारची प्रत वगैरे तिथे कधीही अपलोड करू नका. तिथे टाकलेली फाइल त्यांच्या संशोधक ग्राहकांना उतरवून घेता येते.

पितळीडबा

धागा थोडा भरकटवतेय, माफ करा, पण व्हायरसचीच गोष्ट आहे. सासऱ्यांच्या लॅपटॉपवर सकाळपासून उजव्या कोपऱ्यात सारखं येतंय, 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले', आणि मधूनच पूर्ण पडदा लाल होऊन एक फोन नंबर दिसतो. आवाजही येतो. ते घाबरून फोन करायला निघाले होते, मी थांबवलंय. हाही असाच व्हायरस आहे का?

सातासमुद्रा

ताई, थांबवलंत ते फार बरं केलंत. हे प्रकरण बहुतेक वेळा व्हायरसचं नसतंच. एखाद्या साइटवर 'अलाउ' दाबलं गेलं की ती साइट ब्राउझरमधून सूचना पाठवत राहते आणि त्या सूचना अँटिव्हायरसच्या वेषात येतात. विंडोज किंवा कुठलाही खरा अँटिव्हायरस पडद्यावर फोन नंबर देऊन 'इथे फोन करा' म्हणत नाही.

पडदा अडकला असेल तर एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरा. नाही सुटला, तर टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा, आणि परत उघडताना जुनी पानं 'रिस्टोर' करू नका. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा. परवानगी दिलेल्या साइटींच्या यादीतून अनोळखी नावं काढा. एजमध्येही अशीच जागा आहे. एक्स्टेन्शन्सची यादीही बघून घ्या.

त्यांनी फोन केलेला नाही ना, हे मात्र शांतपणे विचारून खात्री करा. केला असेल आणि समोरच्याने संगणक दुरून चालवायचं एखादं अ‍ॅप टाकायला लावलं असेल, तर इंटरनेट तोडा, ते अ‍ॅप काढा, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा. तक्रार जितकी लवकर जाईल तितकी पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. रागावू नका त्यांच्यावर. घाबरवणं हाच या लोकांचा धंदा आहे आणि वयस्कर माणसं रागाच्या भीतीने घरात सांगतच नाहीत.

पितळीडबा

फोन केलेला नव्हता. यादीत अकरा साइटी निघाल्या! सगळ्या काढल्या, आता शांत आहे. मनापासून आभार.

खडूफळा

मी निवृत्त शिक्षक आहे, शाळेच्या संगणक कक्षाची जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे होती. तेव्हा 'ऑटोरन.आयएनएफ' नावाची फाइल असायची, पेनड्राइव्ह लावताच व्हायरस सुरू. मुलांना आम्ही शिकवायचो की लावताना शिफ्ट दाबून धरा. आता ते दिसत नाही, त्याऐवजी हे शॉर्टकट. हा बदल का झाला असावा? जाणकारांनी सांगावं.

सातासमुद्रा

सर, अगदी योग्य प्रश्न. नोव्हेंबर २००८ मध्ये कॉन्फिकर नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा व्हायरस आला. त्याच्या पुढच्या अवतारांनी पेनड्राइव्हच्या ऑटोरनचा भरपूर वापर केला. विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हसाठी ऑटोरन बंदच ठेवलं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टासाठीही अपडेटमधून ते बंद केलं. म्हणजे पेनड्राइव्ह नुसता लावून व्हायरस सुरू होण्याची वाट बुजली. मग तो सुरू कुणी करायचा? माणसाने. म्हणून त्यांनी माणसाच्या हातात ओळखीच्या नावाचं, ओळखीच्या चित्राचं काहीतरी द्यायला सुरुवात केली. आपल्याच पेनड्राइव्हवर आपल्याच 'शुभविवाह पत्रिका' फोल्डरवर क्लिक करताना कोण विचार करतो?

कोरांटीताईंच्या घरी दिसतंय ते जेन्क्सकस या कुळाशी फार जुळतं. जून २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतल्या न्यायालयाच्या परवानगीने या कुळाच्या नियंत्रणाची डोमेन नावं ताब्यात घेतली होती. त्यात काही निरपराध साइटीही बंद पडल्या आणि बराच ओरडा झाला. गॅमर्यू नावाचं दुसरं मोठं कूळ होतं, तेही पेनड्राइव्हवरून पसरायचं. त्याचं जाळं नोव्हेंबर २०१७ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून तोडलं. पण सूत्रधाराचं जाळं तुटलं तरी पेनड्राइव्हवरची स्क्रिप्ट मरत नाही. ती या दुकानातून त्या दुकानात फिरतच राहते.

आणि हे फक्त फोल्डर लपवण्यापुरतं नसतं. जेन्क्सकससारखा व्हायरस बाहेरून हुकूम घेऊ शकतो, आणखी प्रोग्रॅम उतरवू शकतो, पासवर्ड चोरू शकतो. तुमच्या घरी बाबा त्याच संगणकावर बँक उघडतात, म्हणून मला पेनड्राइव्हपेक्षा त्याची काळजी जास्त आहे.

कोरांटी

तुमचं शेवटचं वाक्य वाचून बाबांना लगेच सांगितलं.

आता अहवाल. डब्ल्यूस्क्रिप्ट सापडलं, बंद केलं. स्टार्टअप फोल्डरमध्ये व्हीबीएस फाइल होती, तीही काढली. संगणक परत सुरू केला तर डब्ल्यूस्क्रिप्ट पुन्हा हजर! आणि स्टार्टअप फोल्डरमध्ये तीच फाइल परत आलेली. मग शेजारच्या काकांकडून ऑटोरन्स सीडीवर आणलं. 'लॉगऑन' पानावर रनच्या खाली एक ओळ होती, पत्ता अ‍ॅपडेटामधल्या रोमिंग फोल्डरचा, फाइलीचं नाव शॉर्टकटमधल्याच नावासारखं. आधी टास्क मॅनेजरमधून बंद केलं, मग ऑटोरन्समधली ओळ काढली, मग रोमिंगमधली फाइल, मग स्टार्टअपमधली. परत सुरू केल्यावर आता दिसत नाही. शेड्यूल्ड टास्क्समध्ये काही नव्हतं.

पुढे काय? मुदत संपलेल्या अँटिव्हायरसचं नूतनीकरण करू का?

जुना_मॉनिटर

ताई, काम फक्कड झालंय. चालू प्रोग्रॅम आधी बंद करून मगच फाइली काढल्या हे महत्त्वाचं, नाहीतर तो चालू असेपर्यंत स्वतःची प्रत परत परत ठेवतच राहतो.

नूतनीकरणाचं नंतर ठरवा. आत्ता तो मुदत संपलेला अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करून संगणक परत सुरू करा. दुसरा अँटिव्हायरस बसलेला असला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बऱ्याचदा बाजूला उभा राहतो. मग मुदत संपलेलाही राखत नाही आणि डिफेंडरही राखत नाही, अशी गत होते. तो काढला की डिफेंडर जागा होतो. इंटरनेट जोडून आधी डिफेंडर अपडेट करा, मग व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, आणि 'ऑफलाइन स्कॅन' निवडा. हातातलं काम सेव्ह करून ठेवा, कारण संगणक बंद होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी चालते. साधारण पंधरा मिनिटं लागतात. व्हायरस त्या वेळी चालू नसतो, त्यामुळे त्याला लपायला जागा मिळत नाही. त्यानंतर एकदा फुल स्कॅन. त्याला तासन्‌तास लागू शकतात, रात्री लावून ठेवा.

दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर फुकट मिळतो. तो उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो, नंतर नवा घ्यावा लागतो. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही सफाईची साधनं मोफत आहेत. एका वेळी दोन अँटिव्हायरस मात्र कायमचे बसवून ठेवू नका, संगणक रखडतो.

रानवाट

फुकटचा डिफेंडर पुरतो का? विकतचा घ्यावा का?

जुना_मॉनिटर

घरच्या वापराला अपडेट होणारा डिफेंडर पुरतो, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. विकत घेतला तरी चालेल, पण मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिहा. मुदत संपलेला अँटिव्हायरस ठेवण्यापेक्षा डिफेंडर कधीही बरा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकताना 'अँटिव्हायरस बंद करा' म्हणून सांगतात, ते ऐकलं तर दोन्हींचा उपयोग नाही.

कोरांटी

ऑफलाइन स्कॅन झाला. प्रोटेक्शन हिस्टरीमध्ये 'वर्म:व्हीबीएस/जेन्क्सकस' असं नाव आलंय, टेंप फोल्डरमधली आणखी एक प्रत त्याने काढली. सातासमुद्रा, तुमचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. रात्री फुल स्कॅनही केला, त्यात काही निघालं नाही. आता पेनड्राइव्हकडे वळू का?

जुना_मॉनिटर

वळा. पेनड्राइव्ह लावा, पण आतल्या कशावरही डबल क्लिक नको. आधी 'धिस पीसी'मध्ये त्याच्यावर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा. व्हीबीएस फाइल बहुतेक तोच काढेल. शॉर्टकट काही वेळा उरतात आणि फोल्डर लपलेलेच राहतात.

पेनड्राइव्हचं अक्षर बघा, समजा ई आहे. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत ही आज्ञा टाइप करा:

अ‍ॅट्रिब -एच -आर -एस /एस /डी ई:\*.*

अ‍ॅट्रिबचं स्पेलिंग ए, टी, टी, आर, आय, बी. प्रत्येक तुकड्यानंतर एक जागा सोडायची. उणे एच म्हणजे 'लपवलेली' ही खूण काढ, उणे आर म्हणजे 'फक्त वाचण्यापुरती' काढ, उणे एस म्हणजे 'सिस्टिमची फाइल' काढ. पुढचा /एस आतल्या फोल्डरांपर्यंत जायला आणि /डी खुद्द फोल्डरांनाही लागू करायला. एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स'वर खूण केली तरी हे फोल्डर दिसत नाहीत, ते त्या सिस्टिमच्या खुणेमुळेच. ड्राइव्हचं अक्षर मात्र दोनदा तपासा. ही आज्ञा चुकून सी ड्राइव्हवर चालवायची नाही.

मग बाणवाले शॉर्टकट निवडून डिलीट करा.

सातासमुद्रा

एक लक्षात असू द्या. या प्रकारातले काही व्हायरस सगळ्या खऱ्या फाइली एका बिननावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवतात. नावाच्या जागी न दिसणारं एक अक्षर असतं, त्यामुळे नुसतं फोल्डरचं चित्र दिसतं, खाली कोरं. तो कचरा समजून उडवू नका, सगळा ऐवज त्यातच असतो. एफ२ दाबून नाव द्या आणि आत बघा.

कोरांटी

आले! सगळे फोल्डर परत आले. दिसत नव्हते ते एका क्षणात दिसायला लागले. आईने एकेक फाइल उघडून पाहिली. पाटलांच्या पत्रिकेत कालच गणपतीचं चित्र बदललं होतं, तीसुद्धा शेवटच्या दुरुस्तीसकट आहे. बिननावाचा फोल्डर नव्हता. एक 'डेस्कटॉप.आयएनआय' आणि 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' दिसतंय, ते काय आहे?

जुना_मॉनिटर

ती विंडोजची आहेत, घाबरू नका. आता सगळ्या फाइली संगणकावर कॉपी करा आणि मग खुशाल पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. फॉरमॅटची वेळ ही आत्ताची. दुसऱ्या पेनड्राइव्हचंही तसंच करा.

सातासमुद्रा

आता पासवर्ड. संगणक साफ झालाय असं दिसत असलं तरी पासवर्ड मोबाइलवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून बदला. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच नवे करता येतात. मग बँक, मग बाकीचे. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड उघडे पडले असं धरून चाला. ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. बाबांना बँकेचं विवरण काही आठवडे बारकाईने बघायला सांगा, लहान रकमाही.

शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संगणक विंडोज ११ ला चालत असेल तर बदला. डोंगलच्या सॉफ्टवेअरमुळे ते लगेच शक्य नसेल, तर वाढीव सुरक्षा अपडेट मिळायच्या योजनेत नाव नोंदवा, आणि बँकेची कामं त्या संगणकावरून काढून मोबाइलवर न्या. माझं ठाम मत आहे की बाहेरचे पेनड्राइव्ह लागतात त्या संगणकावर बँक उघडूच नये.

उंबरठा

वाचनखूण साठवली. नव्याने विंडोज टाकण्याचा माझा सल्ला अजूनही आहे, पण फाइली आधी कशा सोडवायच्या हे मला माहीत नव्हतं.

एक प्रश्न. माझ्या मित्राच्या फोटोंच्या नावापुढे चार अक्षरांची विचित्र शेपटी लागलीय आणि एकही उघडत नाही. तिथेही हे अ‍ॅट्रिब चालेल का?

सातासमुद्रा

नाही. तिथे फाइली लपवलेल्या नाहीत, कुलूपबंद केल्यात. ते रॅन्समवेअर आहे, म्हणजे फाइली अडकवून पैसे मागणारा व्हायरस. संगणक नेटवर्कवरून तोडा, खंडणीची चिठ्ठी आणि बिघडलेल्या फाइली जपून ठेवा, पैसे भरू नका. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही कंपन्यांबरोबर २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' ही साइट सुरू केली. काही कुळांच्या किल्ल्या तिथे मोफत मिळतात, सगळ्यांच्या नाही. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

खडूफळा

कोरांटी, तुमच्या आईंचा पेनड्राइव्ह प्रेसमध्ये पुन्हा जाणारच. तिथून परत हेच येऊ नये म्हणून काय करणार? शाळेत आम्हाला हाच त्रास होता, साफ केलेलं आठवड्यात परत बिघडायचं.

जुना_मॉनिटर

सर, मूळ दुखणं तेच आहे. माझे दोन उपाय.

पहिला, प्रेससाठी वेगळा पेनड्राइव्ह. त्यात फक्त त्या दिवशीची पीडीएफ. फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड केले, म्हणजे फाइलीतच बसवले, की प्रेसवाल्याला मूळ फाइल लागत नाही. परत आला की उघडून बघत बसायचं नाही, लगेच फॉरमॅट. शक्य असेल तिथे ईमेलने पाठवा किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून. फोटो म्हणून पाठवलं तर दर्जा उतरतो आणि छपाईत अक्षरं फुटतात.

दुसरा, घरच्या संगणकावर व्हीबीएस फाइल नोटपॅडमध्ये उघडेल असं ठरवून टाका. नोटपॅडमध्ये एक कोरी फाइल करून तिला शेवटी .व्हीबीएस नाव द्या. राइट क्लिक, ओपन विथ, चूज अनदर अ‍ॅप, नोटपॅड, आणि 'ऑलवेज'वर खूण. मग चुकून शॉर्टकटवर क्लिक झालं तरी व्हायरस चालण्याऐवजी बहुधा नुसता मजकूर उघडेल. शॉर्टकटमध्ये डब्ल्यूस्क्रिप्टचं नाव थेट दिलेलं असेल तर मात्र हा बांध पुरत नाही. एक्सप्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वरही खूण ठेवा, म्हणजे फोल्डरचं चित्र लावून आलेली .ईएक्सई फाइल ओळखू येते.

आणि महिन्यातून एकदा आईंच्या सगळ्या फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. कॉपी झाली की ती काढून कपाटात ठेवा. कायम लावून ठेवलेली हार्डडिस्क व्हायरसच्या तावडीत संगणकाबरोबरच सापडते.

कोरांटी

आज प्रेसमध्ये जाऊन आले. तिथल्या संगणकावर टास्क मॅनेजर उघडला तर तेच डब्ल्यूस्क्रिप्ट, त्याच नावाची फाइल. मालकांना दाखवलं. आधी नाही म्हणाले, मग त्यांच्याच पेनड्राइव्हवरचे बाण दाखवल्यावर पटलं. या धाग्यातल्या पायऱ्या मी त्यांना कागदावर लिहून देणार आहे. पण त्यांचा संगणक विंडोज ७ चा आहे. तिथे डिफेंडर चालेल का?

जुना_मॉनिटर

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला, आणि त्यातला डिफेंडर फक्त स्पायवेअर बघायचा, व्हायरस नाही. त्यावर भिस्त ठेवू नका. टास्क मॅनेजर, 'शेल:स्टार्टअप' आणि अ‍ॅट्रिब तिथेही चालतं, फक्त टास्क मॅनेजरमध्ये 'डिटेल्स'ऐवजी 'प्रोसेसेस' हे पान असतं. रजिस्ट्रीतली रनची ओळ तिथे एमएसकॉन्फिग या विंडोजच्याच प्रोग्रॅमच्या 'स्टार्टअप' पानावरही दिसते, खूण काढायची. तपासणीसाठी एखाद्या अँटिव्हायरस कंपनीची बूट होणारी, म्हणजे विंडोज सुरू न करता थेट चालणारी रेस्क्यू डिस्क घ्यावी. ती तुमच्या घरच्या साफ केलेल्या संगणकावर करा आणि सीडीवर जाळा, पेनड्राइव्हवर नको. छपाई यंत्राला तो संगणक लागतच असेल तर इंटरनेट त्याचं काढून टाका आणि फाइली घ्यायला दुसरा ठेवा, असं मालकांना सांगा. त्यांना हवं असेल तर रविवारी मी सांगलीला येतोय, प्रेसचा पत्ता मला निरोपातून कळवा.

कोरांटी

दादा, कळवते. मालक म्हणालेत, रविवारी सकाळी दहानंतर प्रेस उघडी ठेवतो, यंत्रं बंद असतील. झेरॉक्सच्या दुकानदारांनाही तिथेच बोलावून घेतलंय, ते त्यांचा संगणक घेऊन येतील.